हाफची खरी वेळ कोणती: चिपची की घड्याळाची?

प्रश्न थोडक्यात असा: वय ४२, नागपूर, आठवड्याला २५ ते २८ किलोमीटर धावणं. डिसेंबरच्या सुरुवातीला शहरातच हाफ मॅरेथॉन झाली. सर्टिफिकेटवर गन टाइम २:०८:५५ आणि चिप टाइम, म्हणजे बिबवरच्या चिपनं सुरुवातीच्या मॅटपासून फिनिशच्या मॅटपर्यंत मोजलेली वेळ, २:०६:४०. घड्याळात अंतर २१.४३ किमी, आणि त्यानं ‘हाफचा नवा विक्रम’ म्हणून नोंदवलेली वेळ २:०४:४२. शर्यतीआधी हेच घड्याळ १:५६ होईल म्हणत होतं. जानेवारीत मुंबईची हाफ आहे, तिथे दोन तासांच्या आत यायचंय. तर आयोजकांनी ३३० मीटर जास्तीचे पळवले का, खरी वेळ कोणती, आणि ड्युअल बँडचं (उपग्रहांचे सिग्नल दोन लहरींवर पकडणारं) नवं घड्याळ घ्यावं का?

भाऊ, तुमची वेळ २:०६:४०. ती चिपची आहे, मोजलेल्या रस्त्यावरची आहे, आणि पुढचं सगळं गणित तिच्यावरच बसवायचं. गन टाइम बंदुकीपासून मोजतात. तुम्ही गर्दीत मागे उभे होतात, सुरुवातीच्या मॅटवर पोचायला सव्वादोन मिनिटं लागली, एवढाच त्याचा अर्थ. बक्षिसाच्या शर्यतीत पुढे पळणाऱ्यांना गन टाइमचं महत्त्व, तुमच्या-आमच्यासाठी चिप. राहिलं २:०४:४२. घड्याळाला त्याच्या हिशेबानं २१.०९७५ किमी पूर्ण झाले तो हा क्षण. प्रत्यक्षात तेव्हा फिनिशची कमान तुमच्या पुढेच होती.

आता ३३० मीटरचं. नीट मोजलेल्या शर्यतीत रस्ता मोजतात तो सायकलनं. पुढच्या चाकाला काउंटर लावतात, आधी पोलादी टेपनं मोजलेल्या सरळ पट्ट्यावर सायकल फिरवून चाक कॅलिब्रेट करतात, आणि मग धावकाला जाता येईल अशा सगळ्यात जवळच्या रेषेनं, वळणावर कडेपासून ३० सेंटिमीटर राहून, रस्ता मोजतात. वर दर किलोमीटरला एक मीटर मुद्दाम जास्त धरतात, म्हणजे कोर्स चुकूनही कमी भरू नये. हाफमध्ये हे जास्तीचे मीटर होतात २१. बाकीचे तीनशे मीटर दोन ठिकाणांहून येतात: तुमच्या पायांतून आणि घड्याळातून.

पायांचं आधी. ३० सेंटिमीटरची ती रेषा प्रत्यक्षात कुणी धरत नाही. वळणाला दीड मीटर बाहेरून गेलात तर काटकोनात साधारण अडीच मीटर वाढतात, यू-टर्नला पावणेपाच. हे किरकोळ वाटतं आणि आहेही. खरं अंतर वाढतं ते रुंद रस्त्यावर नागमोडी जाण्यात. सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते हळूहळू वळत जातात. त्या वळणांत तुम्ही सगळा वेळ डाव्या कडेनं गेलात, मधे पाण्याच्या टेबलाकडे तिरके गेलात, चारचौघांना बाहेरून ओलांडलंत, की शंभरेक मीटर सहज जमा होतात.

घड्याळाचं गणित जरा जवळून बघा. ६:०० च्या पेसला, म्हणजे किलोमीटरला सहा मिनिटं, माणूस सेकंदाला २.८ मीटर पुढे जातो. घड्याळ बहुधा दर सेकंदाला एक बिंदू टाकतं, आणि प्रत्येक बिंदू काही मीटर इकडेतिकडे असू शकतो. म्हणजे दोन बिंदूंमधलं अंतर २.८ आणि चूक त्याहून मोठी. बिंदू जोडले की रेघ थरथरते, आणि थरथरती रेघ सरळ रेघेपेक्षा लांबच भरते. घड्याळ ही थरथर गाळायचा प्रयत्न करतं, पण वरती काँक्रीट आलं की त्याचंही चालत नाही. म्हणून नीट मोजलेल्या हाफमध्ये घड्याळावर २१.२५ ते २१.५० येणं हे रोजचं आहे. उलट बऱ्याच जणांच्या घड्याळांत २०.९ आलं असेल, तर कोर्स कमी भरला असा संशय जरूर घ्या. सगळ्याच स्थानिक शर्यती अशा काटेकोर मोजलेल्या नसतात. पैसे भरण्याआधी आयोजकांना विचारायचा प्रश्न एकच: कोर्स कोणत्या पद्धतीनं मोजलाय? ‘गाडीनं’ किंवा ‘ॲपवर’ असं उत्तर आलं तर ती शर्यत मजेसाठी पळा, वेळेसाठी नको.

तुमचं घड्याळ २१.०९७५ ऐवजी २१.४३ दाखवतं, म्हणजे फरक १.६ टक्क्याच्या आसपास. तुमची खरी सरासरी पेस ६:००, घड्याळ म्हणतं ५:५५. हे पाच सेकंद पाठ करून ठेवा, पुढे लागतील.

पण एक सांगतो, हा तुमचा खरा प्रॉब्लेम नाहीच. तुम्ही मॅटवरचे जे स्प्लिट, म्हणजे तुकड्या-तुकड्यांच्या वेळा, दिलेत ते पुन्हा बघा. पहिले ५ किमी २८:१०, दुसरे २८:४०, तिसरे ३०:२०, चौथे ३२:३५, आणि उरलेला १.०९७५ किमी ६:५५. किलोमीटरच्या हिशेबानं ५:३८, ५:४४, ६:०४, ६:३१. शेवटच्या तुकड्यात फिनिश दिसल्यावर ६:१८. पहिल्या आणि चौथ्या तुकड्यात सव्वाचार मिनिटांहून जास्त फरक आहे. घड्याळानं १:५६ सांगितलं, तुम्ही त्याच्या भरवशावर घड्याळात ५:३३ बघत निघालात, आणि बाराव्या किलोमीटरनंतर पायांनी हिशेब चुकता केला.

मग हे १:५६ आलं कुठून? घड्याळ तुमची पेस आणि त्या पेसला पडणारे हृदयाचे ठोके यांची सांगड घालतं, आणि ठोके कमाल आकड्यापर्यंत गेले तर वेग किती असेल याचा अंदाज बांधतं. म्हणजे सगळा खेळ कमाल ठोक्यांच्या आकड्यावर. तुमच्या सेटिंगमध्ये तो १९९ आहे असं तुम्ही लिहिलंय. बेचाळिसाव्या वर्षी १९९ अशक्य नाही, पण शर्यतीच्या शेवटी जीव तोडून पळताना तुमचे ठोके १८४ च्या वर गेलेले नाहीत. सावकाश रनला, ६:४० च्या पेसला, तुम्हाला १४८ पडतात. कमाल १९९ धरली तर हे ७४ टक्के. १८४-१८६ च्या आसपास धरली तर ८० टक्के. घड्याळाला वाटतं गड्याच्या हातात अजून बरंच शिल्लक आहे, आणि ते खुशाल १:५६ लिहून मोकळं होतं.

हा १९९ बहुतेक घड्याळानं स्वतःच ‘शोधलेला’ आहे. ‘कमाल ठोके आपोआप ओळखा’ हे सेटिंग चालू असलं की एखादा खोटा उसळीचा आकडाही ते खरा धरतं. नागपूरच्या थंडीत हा घोळ फार होतो, आणि त्याची कारणं दोन. छातीचा पट्टा लावत असाल तर डिसेंबरच्या कोरड्या हवेत पहिली दहा मिनिटं घामच येत नाही. पट्ट्याला त्वचेचा नीट संपर्क मिळत नाही, वरून पॉलिएस्टरचा टी-शर्ट फडफडून स्थिर वीज तयार करतो, आणि वॉर्म-अपमध्येच २०० च्या पुढचे ठोके दिसतात. पट्ट्याचे दोन्ही रबरी भाग आतून पाण्यानं चांगले ओले करा, थुंकी लावून भागत नाही. टी-शर्ट अंगाला जरा घट्ट घाला. मनगटावर मोजत असाल तर गारठ्यात कातडीखालचं रक्त कमी वाहतं, हिरव्या प्रकाशाला नाडी सापडत नाही, आणि घड्याळ पावलांच्या तालालाच नाडी समजतं. मिनिटाला १७० पावलं पडत असली की ठोकेही १७० दिसतात, चढावर आणि उतारावर एकच. आलेख असा सपाट दिसला की समजा, ते ठोके नाहीत, पावलं आहेत. घड्याळ मनगटाच्या हाडापासून एक बोट वर, खाली-वर सरकणार नाही इतकं घट्ट बांधा, आणि थंडीत निघण्याआधी बाहीखाली झाकून ठेवा.

तेव्हा ‘आपोआप ओळखा’ बंद करा आणि आकडा हातानं भरा. २२० वजा वय हे सूत्र एकेका माणसाला दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकतं, त्यावर जाऊ नका. मोजून बघायचं असेल तर सेमिनरी हिल्सचा चढ बरा. पंधरा-वीस मिनिटं सावकाश धावून मग चढावर तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या, खाली येताना जॉग, आणि तिसऱ्या फेरीचं शेवटचं मिनिट पूर्ण जोरात. तिथे दिसलेला सर्वांत मोठा आकडा, तोही निदान दहा सेकंद टिकलेला, तुमच्या कमालीच्या बराच जवळ असतो. चाळिशी ओलांडलीय, बीपी-शुगर असेल किंवा घरात हृदयविकाराचा इतिहास असेल, तर डॉक्टरांना दाखवून मगच हा उद्योग. तोपर्यंत शर्यतीतला १८४, त्यात एक-दोन मिळवून, चालेल.

आता तुम्ही कळवलेली १० किमीची वेळ, ५४:३०. ही तुम्ही वर्धा रोडवर अजनीहून विमानतळाकडे जाऊन परत, घड्याळावर काढलेली आहे. डोक्यावर मेट्रो, मधे दुमजली उड्डाणपूल. उपग्रहांचा सिग्नल अडवायला याहून चांगली जागा शहरात सापडणार नाही. तिथलं १० किमी खरं किती होतं हे सांगणं कठीण, पण नेहमीचा १.६ टक्का जरी कापला तरी खऱ्या १० किमीची वेळ ५५:२० च्या पुढे जाते. मोकळ्या आभाळाखालचा आकडा हवा असेल तर फुटाळ्याचा रस्ता घ्या, पहाटे, चौपाटीवर गाड्या लागायच्या आत. त्याहून पक्का हवा असेल तर मानकापूरच्या क्रीडा संकुलातला ट्रॅक. पहिल्या लेनमध्ये २५ फेऱ्या, घड्याळाचं अंतर न बघता फेऱ्याच मोजायच्या. दुसऱ्या लेनमध्ये फेरी ४०७.७ मीटरची होते, चौथीत ४२३, त्यामुळे गर्दी असली की कुठल्या लेनमध्ये पळताय ते लक्षात ठेवा. घड्याळात ट्रॅकचा वेगळा मोड असेल तर तोही आधी लेन नंबर विचारतो.

१० किमीवरून हाफचा अंदाज काढायला रीगेलचं सूत्र पुरेसं आहे: अंतरांच्या गुणोत्तराचा १.०६ वा घात. हाफसाठी गुणक येतो २.२०६. ५४:३० ला गुणलं तर २:००:१५. म्हणूनच दोन तास हातातोंडाशी आल्यासारखे वाटतात. ५५:२० ला गुणलं तर २:०२:०५. आणि हे सूत्र त्या अंतराची पुरेशी तयारी गृहीत धरतं. आठवड्याला २५-२८ किमी धावणाऱ्यांना हाफमध्ये ते बहुधा मिनिट-दोन मिनिटं जास्त उदार ठरतं. तेव्हा आजची तुमची ताकद, पेस नीट सांभाळली तर, नागपूरच्या हवेत २:०३ ते २:०४. म्हणजे परवाच्या शर्यतीत अडीच-साडेतीन मिनिटं फक्त घाईत गेली.

मुंबईत दोन तासांच्या आत? माझं मत, या जानेवारीत नाही. शर्यत तिसऱ्या रविवारी असते, हातात साधारण सहा आठवडे, त्यातला शेवटचा दीड टेपरचा, म्हणजे धावणं कमी करून पाय ताजे ठेवायचा. तेवढ्यात २७ वरून ४० किमीवर उडी मारली की पोटरी किंवा नडगी बोलायला लागते. त्यात मुंबईची हवा. आपल्याकडे जानेवारीत पहाटे १२-१३ अंश आणि कोरडं, तिथे १७ ते २० आणि दमट. घाम येतो पण वाळत नाही, अंग थंड होत नाही, त्याच पेसला ठोके पाच-सात जास्त दिसतात. म्हणून मुंबईसाठी २:०४ धरा. मागच्या वेळेपेक्षा पावणेतीन मिनिटं कमी, आणि शेवटचे पाच किलोमीटर धावत, फरफटत नाही.

२:०४ ची खरी पेस ५:५३. तुमच्या घड्याळावर ती दिसेल ५:४७, मघाचा १.६ टक्का धरून. स्क्रीनवर ‘सध्याची पेस’ ठेवू नका. ती पुलाखाली ५:१० दाखवते आणि पुढच्या झाडाखाली ६:४०, आणि माणूस तिच्यामागे पळतो-थांबतो. त्याजागी लॅपची सरासरी पेस आणि एकूण वेळ, दोनच आकडे. ऑटो-पॉज बंद करा, नाहीतर पाण्याच्या टेबलापाशी घड्याळ थांबतं आणि शेवटी चिपपेक्षा कमी वेळ दाखवून भांडणं लावतं. ऑटो-लॅपही बंद करून प्रत्येक किलोमीटरच्या पाटीपाशी लॅपचं बटण हातानं दाबता आलं तर उत्तम, कारण मग लॅपची वेळ मोजलेल्या किलोमीटरची असते आणि तिला ५:५३ शीच ताडायचं, ५:४७ शी नाही. एखादी पाटी पन्नास मीटर पुढेमागे ठोकलेली असते. एका लॅपवरून घाबरू नका, दोन लॅप मिळून बघा.

मनगटावर चिकटपट्टी लावून बॉलपेननं चार आकडे लिहा: ५ किमीला २९:४५, १० ला ५९:१०, १५ ला १:२८:३५, २० ला १:५७:४५. पहिले ५ मुद्दाम ५:५७ नं आहेत. माहीमला स्टार्टपाशी गर्दी इतकी असते की त्याहून जोरात जायचं तर लोकांना चुकवत नागमोडी जावं लागतं, आणि ते मीटर कुणी परत देत नाही. सी-लिंकवर अंधारात, वाऱ्यात, आजूबाजूचे सगळे सुसाट सुटलेले असतात. तिथे २८:१० ला ५ किमी झाले तर समजा डिसेंबरचीच शर्यत पुन्हा चालू झाली. पेडर रोडच्या चढाला पेस नाही, जोर सारखा ठेवा. त्या किलोमीटरला १५-२० सेकंद जातील, उताराला बरेचसे परत मिळतील. त्या वर्षीचा मार्ग मात्र आयोजकांच्या नकाशावर बघून घ्या.

सहा आठवड्यांचं फार किचकट करायची गरज नाही. पहिला आठवडा शर्यतीचा शीण घालवायला, २० किमी, सगळे सावकाश. मग २८, ३१, ३४, मग २६, मग शर्यतीचा आठवडा. आठवड्यातून चार दिवस. मंगळवारी २ किमीच्या तीन फेऱ्या खऱ्या ५:३५-५:४० पेसनं, मधे दोन मिनिटं जॉग. बुधवार-शुक्रवार ३ ते ५ किमी सावकाश, म्हणजे ६:३० ते ७:००, बोलता येईल असं. रविवारी लाँग रन १५, १६, १८ असा, आणि १६ व १८ च्या दिवशी शेवटचे ५ किमी ५:५० नं. थकलेल्या पायांवर पेस धरायची सवय याच ५ किमीत लागते, आणि तुमची गाडी नेमकी तिथेच अडते. तर्री पोहे त्यानंतर, आधी नाही. हे लिहावं लागतंय कारण फुटाळ्यावर उलटा क्रमही बघायला मिळतो. एनर्जी जेल (धावताना घ्यायची साखरेची पुडी) घेणार असाल तर याच दोन रविवारी वापरून बघा, ४० मिनिटांना एक आणि सव्वा तासाला एक, पाण्याबरोबर. शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा घेतलेली जेल काहींना थेट फिरत्या शौचालयापर्यंत नेते.

नवं घड्याळ सध्या नको. ड्युअल बँडनं वर्धा रोडवरची रेघ नक्की सुधारेल, उंच इमारतींमधेही. पण १.६ टक्क्याचा तो एक टक्का होईल, शून्य नाही, कारण तुमच्या पायांचं नागमोडी अंतर तर तेही मोजणारच. आणि २० व्या किलोमीटरची ६:३१ त्यानं बदलत नाही. मनगटावरच मोजत असाल तर त्या पैशाच्या अगदी थोड्या भागात छातीचा चांगला पट्टा येतो, तो घ्या. घड्याळ फक्त शर्यतीच्या आदल्या रात्री फोनशी सिंक करा, म्हणजे उपग्रहांची ताजी माहिती त्यात उतरते, आणि स्टार्टला उघड्या जागी उभं राहून जीपीएस लागल्याची खूण आल्यावर दोन-तीन मिनिटं तरी जाऊ द्या.

दोन तासांच्या आतला प्रश्न पुढच्या हिवाळ्यासाठी राखून ठेवा. त्यासाठी मोजलेल्या १० किमीवर ५३:३० हवेत, तुमच्या घड्याळावर ते साधारण ५२:४० ला ‘१० किमी’ म्हणून दिसतील, आणि सलग तीन-चार महिने आठवड्याला ३८ ते ४० किमी. एप्रिल-मेमध्ये नागपुरात तेवढं धावणं पहाटे पाचच्या आतच होऊ शकतं. पेस विसरा, वेळेवर धावा, ४५ मिनिटं म्हणजे ४५ मिनिटं. खरी बांधणी जुलैपासून.

मुंबईचा बिब, म्हणजे छातीवरचा नंबर, शर्यतीच्या दिवशी मिळत नाही, आधीच्या दिवसांत एक्स्पोला जाऊन घ्यावा लागतो. तेव्हा विदर्भ एक्स्प्रेस किंवा दुरांतोचं गुरुवार रात्रीचं तिकीट काढा, म्हणजे शुक्रवारी बिब घेऊन शनिवार पाय वर करून काढता येतो. फिनिशला दोन्ही मॅट ओलांडल्यावरच बटण दाबा, नाहीतर फोटोत तुम्ही मान खाली घालून मनगटाकडे बघताना दिसाल. चिप टाइम आला की ॲपमधे त्या धावेचं अंतर २१.१ करून ठेवा. जिथे हे करता येत नाही तिथे शीर्षकातच वेळ लिहा, म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा २:०४:४२ ला ‘विक्रम’ समजून हिशेब चुकणार नाही.